‘फरागो’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ आणि मराठीत त्याला काय म्हणावे

नौपाडा_वाचक (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. ठाण्यातील आमचा एक छोटा भाषांतर-गट सध्या काही इंग्रजी वैचारिक लेख मराठीत आणत आहे. त्या लेखांमध्ये ‘फरागो’ हा शब्द निरनिराळ्या लेखकांनी वापरलेला आढळला आणि प्रत्येक ठिकाणी आमच्यात मतभेद झाले. कोणी ‘मिश्रण’ सुचवले, कोणी ‘खिचडी’, कोणी ‘गोंधळ’. माझ्या मते यांपैकी एकही शब्द सर्व ठिकाणी चालणार नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

भारतात हा शब्द बहुतेकांच्या कानावर प्रथम आला तो मे २०१७ मध्ये, जेव्हा शशी थरूर यांनी स्वतःवरील आरोपांना ट्विटरवर उत्तर देताना तो वापरला. त्यांच्या वाक्यात ‘फरागो’च्या पुढे तीन गोष्टी होत्या: विपर्यास, चुकीची मांडणी आणि निखालस असत्य. त्यानंतर अनेक दिवस लोक हा शब्द कोशात शोधत होते. त्या निमित्ताने त्याची चर्चा झाली ती मुख्यतः शब्दाच्या अवघडपणाची. त्याच्या अर्थाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले, याची मला अजूनही खंत वाटते. कारण त्या वाक्यात हा शब्द अगदी जागच्या जागी बसलेला आहे आणि त्याची जवळजवळ सगळी लक्षणे तेथे एकत्र दिसतात.

पहिले लक्षण असे की हा शब्द सहसा एकटा येत नाही. ‘कशाचा’ फरागो, हे सांगावे लागते, आणि जे सांगितले जाते ते बहुधा अनेकवचनी असते: थापांचा, अर्धसत्यांचा, पूर्वग्रहांचा, ऐकीव गोष्टींचा. दुसरे लक्षण असे की आजच्या इंग्रजीत त्यात जवळपास नेहमी दोषारोप असतो. नुसती विविधता दाखवायची असेल तर इंग्रजी लेखकाकडे पुष्कळ सौम्य शब्द आहेत. तो ‘फरागो’ लिहितो तेव्हा, या गोष्टी निवडून-पारखून एकत्र आणलेल्या नाहीत, जे हाती लागले ते एकत्र कोंबले आहे आणि तरीही ते एकसंध म्हणून आपल्यासमोर ठेवले जात आहे, असे त्याला म्हणायचे असते. उच्चार ब्रिटिश इंग्रजीत ‘फराऽगो’ असा होतो. अमेरिकेत ‘फराऽगो’ आणि ‘फरेऽगो’ असे दोन्ही उच्चार चालतात. आघात दोन्हींत मधल्या अक्षरावर आहे.

आता अडचण सांगते. ‘मिश्रण’ या शब्दात दोषारोप नाही. ‘गोंधळ’मध्ये दोष आहे, पण घटकांचे भान नाही; गोंधळात काय काय मिसळले आहे ते दिसत नाही. ‘भेसळ’ मला काही काळ योग्य वाटला होता, कारण त्यात नैतिक दोष स्पष्ट आहे. परंतु भेसळ होण्यासाठी मुळात एक खरा जिन्नस असावा लागतो. दुधात पाणी मिसळले तरी दूध असतेच. फरागोमध्ये खरा जिन्नस असेलच असे नाही. सगळेच घटक सारखे टाकाऊ असू शकतात. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

दाणाबंदर_वाशी

ताई, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लगेच लिहितो. आमच्या घराण्याचा धान्याचा व्यापार मशीद बंदरच्या दाणाबंदरात होता. तो बाजार नवी मुंबईत हलला तेव्हा आम्हीही वाशीला आलो. ‘फरागो’ हा शब्द मला प्रथम कोशात दिसला तेव्हा त्याच्या व्युत्पत्तीनेच मी थांबलो, कारण तो मुळात धान्याच्या बाजारातला शब्द आहे.

लॅटिनमध्ये ‘फार’ हे एका गव्हाचे नाव होते. हा गहू म्हणजे आपण ज्याला खपली गहू म्हणतो त्याच जातीचा. सांगली, सातारा, कोल्हापूर भागांत आणि उत्तर कर्नाटकात तो अजून पिकतो, आणि अलीकडे शहरांतूनही त्याला चांगली मागणी आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की मळणी झाली तरी दाण्याचे टरफल सुटत नाही, त्याला निराळे कांडावे लागते. प्राचीन रोममध्ये हेच मुख्य धान्य होते. त्याच्या नावावरून पिठाला ‘फरीना’ म्हणत. तेथील उच्चकुलीनांच्या विवाहविधीत याच धान्याची पोळी देवाला अर्पण करीत, आणि त्या विधीचे नावही या धान्यावरूनच पडले होते.

आता ‘फरागो’. थोरला प्लिनी हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लेखक सांगतो की ‘फार’ धान्य साफ केल्यावर जे हलके उरते ते दाट पेरतात, त्यात कधी वेलवर्गीय कडधान्यही मिसळतात आणि त्यातून जनावरांसाठी जो चारा मिळतो त्याला ‘फरागो’ म्हणतात. म्हणजे मूळ धान्य माणसाच्या आणि देवाच्या पानात, आणि त्याचेच उरलेसुरले, इतर बियांबरोबर मिसळलेले, गोठ्यात. आमच्या बाजारात ही विभागणी आजही रोज डोळ्यांसमोर होते. माल आला की नमुना पाहायचा, प्रतवारी करायची, चाळणी लावायची. तूर भरडून डाळ निघाली की मागे राहणारी चुनी आणि साले पशुखाद्याकडे जातात. त्या चुनीला बाजारात भाव आहे, ती वाया जात नाही. पण ती डाळ म्हणून कोणी विकली तर तो गुन्हा आहे.

मला वाटते ‘फरागो’तील आजचा दोष येथून आलेला आहे. मिसळणे हा दोष नव्हे. जे गोठ्यासाठी होते ते ताटात वाढणे, हा दोष आहे.

मुरबाडची_लेक

माझे माहेर मुरबाड तालुक्यातले आणि आता मी कळव्याला राहते. दाणाबंदर काकांचे लिखाण वाचून मला एकदम ‘आंबोण’ आठवले. शहरातील वाचकांसाठी सांगते: दुभत्या गाईला किंवा म्हशीला धार काढण्याच्या वेळी जे खास खाद्य घालतात, ते आंबोण. त्यात कोंडा असतो, पेंड असते, सरकी असते, भरडलेले धान्य असते, घरात असेल त्याप्रमाणे चुनी असते, आणि हे सर्व पाण्यात भिजवून कालवलेले असते. नुसत्या पेंढ्यावर जनावराचे पोट भरते, पण दूध आंबोणावर येते, असे आमची आजी म्हणत असे.

शब्दार्थाने पाहिले तर ‘फरागो’ला मराठीत याहून जवळचा शब्द मला सुचत नाही. जनावरांसाठी केलेले, अनेक धान्यांचे, मिसळलेले खाद्य, हे सारे त्यात आहे. पण हा शब्द मराठीत निंदेसाठी वापरलेला मी कधी ऐकलेला नाही, आणि वापरला जाऊ नये असेही मला मनापासून वाटते. आंबोण कालवणारी बाई आदल्या रात्री पेंड भिजत घालते, गाईला काय मानवते आणि काय मानवत नाही हे तिला ठाऊक असते, गाभण गाईचे प्रमाण ती वेगळे ठेवते. यात निष्काळजीपणाचा लवलेश नाही. कुणाच्या खोट्या आरोपांना आंबोण म्हणणे हा त्या कामाचा अपमान होईल. तेव्हा माझा प्रश्न असा आहे: रोमन शेतकऱ्याच्या मनात तरी ‘फरागो’ हा शब्द तुच्छतेचा होता का? की ती तुच्छता पुढे शहरातील लेखकांनी त्यात भरली?

नौपाडा_वाचक

ताई, आपला प्रश्न या धाग्याच्या मुळाशी जाणारा आहे. त्याचे उत्तर सविस्तर देते.

रोमन शेतीलेखकांच्या लिखाणात या शब्दाविषयी तुच्छता दिसत नाही. वॅरो हा लेखक सांगतो की जव, वेलवर्गीय कडधान्ये आणि इतर शेंगवर्गीय पिके मिळून हा हिरवा चारा तयार होतो आणि वसंतात घोड्यांना व ओझ्याच्या जनावरांना तो दिला असता त्यांचे पोट साफ होऊन ती पुष्ट होतात. त्याने व्युत्पत्तीही दोन दिल्या आहेत. एक ‘फार’ धान्यावरून, आणि दुसरी लोखंडासाठीच्या ‘फेर्रुम’ या शब्दावरून, कारण हा चारा विळ्याने कापला जाई. आजचे अभ्यासक पहिलीच ग्राह्य मानतात. व्हर्जिल या रोमन कवीने आपल्या शेतीविषयक काव्यात घोड्यांच्या शिक्षणासंबंधी लिहिताना बजावले आहे की घोडा वठणीवर आल्यानंतरच त्याला हा सकस चारा भरपूर द्यावा. आधी दिला तर तो इतका उन्मत्त होतो की चाबकाला आणि लगामाला जुमानत नाही. म्हणजे ‘फरागो’ हे ताकद देणारे, जपून द्यायचे खाद्य होते. आपल्या आजीचे म्हणणे व्हर्जिलला पटले असते, असे मी पूर्ण आदराने म्हणते.

शब्द शेतातून साहित्यात आला तो ज्युव्हेनलमुळे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील या उपहासकवीने आपल्या पहिल्याच कवितेत, माणसे जे जे काही करतात, त्यांचे नवस, भय, राग, भोग, आनंद, धावपळ, हा सगळा माझ्या छोट्या पुस्तकाचा ‘फरागो’ आहे, असे म्हटले. येथे त्याच्या मनात आत्मनिंदा आहे, असे मला वाटत नाही. त्याला आपल्या विषयाची व्याप्ती सांगायची आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या काव्यप्रकारात तो लिहीत होता त्याचे लॅटिन नाव ‘सातुरा’, ज्यातून इंग्रजी ‘सटायर’ आला. त्या नावाचा संबंध निरनिराळ्या फळांनी भरलेल्या नैवेद्याच्या ताटाशी जोडला जातो. म्हणजे काव्यप्रकाराचे नाव मिश्र ताटावरून आणि त्यातील आशयाचे नाव मिश्र चाऱ्यावरून. इतकी नेमकी शब्दयोजना योगायोगाने झाली असेल, असे मानणे मला जड जाते.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. तो ज्यांनी आणला ते लॅटिन शिकलेले विद्वान होते, गोठ्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांना ज्युव्हेनलची ओळ पाठ होती, पण चाऱ्याची किंमत ठाऊक नव्हती. हळूहळू ‘अनेक गोष्टींचा साठा’ हा अर्थ मागे पडला आणि ‘न निवडलेला, विसंगत ढीग’ हा अर्थ पुढे आला. आपण विचारलेली तुच्छता शब्दात शिरली ती या वाटेने.

चरई_वकिली

मी ठाण्याच्या न्यायालयात दिवाणी बाजूचे काम करतो. धाग्यात ‘मिसळणे’ या कृतीचा दोष आणि निर्दोषपणा यांची चर्चा चालली आहे, म्हणून त्याच कुळातील एका शब्दाची भर घालतो. इंग्रजीत ‘हॉचपॉच’ हा शब्द सर्वांना माहीत आहे. त्याचे जुने रूप ‘हॉचपॉट’, आणि ते फ्रेंचमधून आले. ‘होशे’ म्हणजे हलवणे आणि ‘पो’ म्हणजे भांडे. भांड्यात घालून हलवलेले, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

सामान्य बोलण्यात त्याचा अर्थ गबाळेपणाकडे झुकला, पण कायद्यात तो आजही अत्यंत काटेकोर आहे. इंग्लंडच्या वारसा कायद्यात वडिलांनी हयातीत एखाद्या मुलाला काही दिले असेल तर वाटणीच्या वेळी ते सर्व हिशेबासाठी एकत्र आणायचे आणि मग समान वाटे करायचे, या क्रियेला ‘हॉचपॉट’ म्हणत. आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबाच्या दाव्यांमध्ये हा शब्द वारंवार येतो. एखाद्या सहदायादाने, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या सदस्याने, आपली स्वकष्टार्जित मिळकत एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मिसळली, तिच्यावरील स्वतंत्र हक्क सोडून दिला, असे म्हणायचे असेल तर इंग्रजी निकालपत्रांत ती ‘कॉमन हॉचपॉट’मध्ये टाकली असे लिहिलेले असते. आणि केवळ घरातील इतरांना ती वापरू दिली, भाड्याचे पैसे घरखर्चाला दिले, एवढ्यावरून ती मिसळली असे होत नाही. हक्क सोडण्याचा स्पष्ट हेतू सिद्ध करावा लागतो, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेली आहे.

हे सांगण्याचे कारण असे की येथे मिसळणे हे न्यायाचे साधन आहे. हेतू स्पष्ट आहे, घटकांची नोंद आहे, आणि शेवटी प्रत्येकाला त्याचा वाटा मिळायचा आहे. दाव्यात एखादा पक्षकार जेव्हा निरनिराळ्या काळच्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी एकाच प्रतिज्ञापत्रात भरून आणतो, तेव्हा त्याला ‘हॉचपॉट’ म्हणणे चूक ठरेल. त्याच्यासाठी ‘फरागो’ हाच शब्द योग्य आहे. माझ्या मते दोन शब्दांमधील सीमारेषा हेतू आणि हिशेब या दोन गोष्टींनी ठरते.

कोपरखैरणे_खाडीकाठ

वकील साहेबांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. या अर्थाचे इंग्रजी शब्द पाहिले तर त्यांतील बहुतेक स्वयंपाकघरातून आलेले आहेत, आणि त्यांतही परदेशी स्वयंपाकघरांतून. ‘गॅलिमॉफ्री’ हा फ्रेंच रश्श्याचा प्रकार. ‘सॅल्मागुंडी’ हे बारीक चिरलेले मांस, अंडी, अँचोव्ही मासे यांचे ताट. ‘ओला पोद्रिदा’ हा स्पॅनिश शब्द. त्याचा शब्दशः अर्थ ‘कुजलेले भांडे’, आणि फ्रेंचांनी त्याचेच शब्दशः भाषांतर करून ‘पोपुरी’ केला, जो आज आपण सुगंधी सुकलेल्या पाकळ्यांसाठी किंवा गाण्यांच्या मालिकेसाठी वापरतो. ‘ऑम्नियम-गॅदरम’ एवढा एक शब्द ताटातला नाही. इंग्रजी ‘गॅदर’ला लॅटिन शेपूट लावून तो मुद्दाम लॅटिनसारखा बनवलेला आहे.

‘गॅलिमॉफ्री’विषयी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. १५७९ साली एडमंड स्पेन्सरच्या एका काव्यग्रंथाच्या प्रास्ताविकात अशी तक्रार आहे की लोकांनी इतर भाषांतील शब्द उसने घेऊन इंग्रजीची ‘गॅलिमॉफ्री’ करून टाकली आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला तो कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. दोन्हीकडे भाषेच्या मिश्रणाची चिंता आहे. मात्र इंग्रजीतील तक्रार ज्या शब्दाने केली तो शब्दच फ्रेंच होता.

आणि आता खिचडीविषयी. धागाकर्त्या ताईंनी हा शब्द बाजूला ठेवला, ते मला योग्य वाटते, पण त्याचा इतिहास येथे नोंदवण्यासारखा आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तूप घालून खाल्ल्या जाणाऱ्या ‘किश्री’चे वर्णन केले आहे आणि लोक तिची रोज न्याहारी करतात असे म्हटले आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी आपल्याच किनाऱ्यावर, चौलला उतरला आणि तेथून जुन्नरकडे गेला. त्याच्या वृत्तांतात घोड्यांना साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात असा उल्लेख आहे. म्हणजे रोममधील घोड्यांचा फरागो आणि दख्खनमधील घोड्यांची खिचडी या एकमेकींच्या फार जवळच्या गोष्टी होत्या. पुढे इंग्रजांनी खिचडीची ‘केजरी’ केली, त्यात धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी आली, आणि ती ब्रिटनमध्ये न्याहारीचा पदार्थ झाली.

ऐरोली_विद्यार्थी

मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो, त्यामुळे माझा प्रश्न अगदी साधा आहे. वाक्यात हा शब्द चुकीचा ठरतो तो कधी? उदाहरणार्थ, सकाळच्या ट्रान्स-हार्बर गाडीतील निरनिराळ्या प्रकारच्या प्रवाशांच्या गर्दीला किंवा कपाटातील अस्ताव्यस्त सामानाला ‘फरागो’ म्हणता येईल का?

नौपाडा_वाचक

कोशातील व्यापक अर्थ पाहिला तर म्हणता येईल, आणि जुन्या लेखनात तशी उदाहरणेही आहेत. सतराव्या शतकातील लेखक थॉमस ब्राउन याने तर याच शब्दाचे विशेषण करून ते सर्व थरांतील लोकांच्या जमावाला लावले आहे. परंतु आजच्या वापरात हा शब्द प्रामुख्याने सांगितलेल्या किंवा लिहिलेल्या गोष्टींना लागतो: आरोप, बातमी, अहवाल, सिद्धान्त, कथानक, पुस्तक. कपाटाला तो लावला तर वाचकाला विनाकारण भारदस्तपणा जाणवेल. गाडीतील प्रवाशांना तर मी तो कधीच लावणार नाही, कारण त्यात निंदा आहे आणि पोटासाठी प्रवास करणारी माणसे निंदेला पात्र नाहीत.

दुसरी चूक अधिक प्रचलित आहे. आवाजाच्या साम्यामुळे काही जण ‘फरागो’ हा ‘फियास्को’ (फजिती) किंवा ‘फ्युरोर’ (गदारोळ) या अर्थाने वापरतात. मी एका संस्थेच्या इंग्रजी पत्रकात कार्यक्रमाच्या फजितीला ‘फरागो’ म्हटलेले वाचले आहे. ते अशुद्ध आहे. फजिती ही घटना असते आणि फरागो हा साठा असतो. परीक्षेसाठी एवढे लक्षात ठेवा की शब्दानंतर ‘ऑफ’ आणि त्यापुढे दोन-तीन अनेकवचनी नामे सहज बसत असतील तर प्रयोग बहुधा बरोबर आहे. अनेकवचन ‘फरागोज’ किंवा ‘फरागोझ’ असे ऐकू येते, लेखनात मात्र शेवटी ‘ई’सह आणि ‘ई’शिवाय अशी दोन्ही रूपे आढळतात.

राबोडी_सप्ताह

मराठी प्रतिशब्दांकडे वळावे, अशी विनंती करून माझे मत मांडतो. काही शब्द आपण प्रथमच वगळले पाहिजेत, कारण त्यांच्यामागे श्रद्धा आहे. ‘काला’ हा त्यांतील पहिला. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या आणल्या आणि त्या श्रीकृष्णाने एकत्र कालवून सर्वांना वाटल्या. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. त्या मिश्रणात कोणाची भाकरी कोणती हे उरत नाही, आणि तेच त्याचे पावित्र्य आहे. खोट्या बातम्यांना काला म्हणणे वारकऱ्याला सहन होणार नाही. ‘गोंधळ’ हादेखील मुळात देवीचा विधी आहे. बोलीत त्याला अव्यवस्थेचा अर्थ आला ही वस्तुस्थिती आहे, पण नवीन पारिभाषिक वापरात त्याची आणखी झीज करू नये, असे मला वाटते.

‘मिसळ’ हा शब्द ठाणेकराने निंदेसाठी वापरावा असे मला वाटत नाही. आमच्या शहराची ओळख ज्या मामलेदार मिसळीने दूरवर पोहोचवली आहे, तिच्यात प्रत्येक घटकाचे प्रमाण ठरलेले असते.

माझी सूचना ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ ही आहे. हा वाक्प्रचार जुना आहे, सर्वांना कळतो, त्यात धान्यही आहे आणि न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र आणल्याची टीकाही आहे. राजकीय लेखनात आघाड्यांविषयी तो इतका रुळला आहे की नुसते ‘कडबोळे’ म्हटले तरी अर्थ पोहोचतो.

दाणाबंदर_वाशी

राबोडीकरांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, पण एक शंका नोंदवतो. खरे कडबोळे भाजणीचे असते, आणि भाजणीत धान्ये अंदाजाने घातली तर कडबोळे तेलात विरघळते किंवा दगडासारखे होते. घरोघरी तिचे माप ठरलेले असते. वाक्प्रचारातील टीका ‘अठरा’ या आकड्यामुळे येते, कडबोळ्यामुळे नाही. म्हणून लेखनात ‘अठरा धान्यांचे’ हे शब्द गाळू नयेत. ते गाळले की राजकारणातील आघाडीचाच अर्थ वाचकाच्या मनात येईल, आणि फरागोमध्ये आघाडीचा अर्थ मुळीच नाही. आघाडीतील पक्ष स्वतःहून एकत्र येतात. फरागोतील गोष्टी दुसऱ्या कोणीतरी एकत्र आणलेल्या असतात, आणि त्या आणणाऱ्याला जाब विचारायचा असतो.

नौपाडा_वाचक

आपणा सर्वांच्या विवेचनानंतर आमच्या गटाने ठरवले आहे की एकच प्रतिशब्द सर्वत्र लावायचा नाही. लेखक कोणावर दोष ठेवतो आहे, हे प्रत्येक वाक्यात आधी पाहायचे. तीन वाक्यांची भाषांतरे येथे ठेवते.

पहिल्या वाक्यात एका अहवालाला अर्धसत्यांचा फरागो म्हटले आहे. येथे आरोप थेट आहे, म्हणून ‘हा अहवाल म्हणजे अर्धसत्ये, ऐकीव माहिती आणि सोयीस्कर मौन यांचे अठरा धान्यांचे कडबोळे आहे’ असे केले.

दुसऱ्या वाक्यात एका जुन्या प्रवासग्रंथाचे वर्णन आहे. लेखकाला ग्रंथ आवडतो, पण त्याची रचना आवडत नाही. तेथे कडबोळे फार कठोर वाटले. ‘प्रवासातील टिपणे, कानगोष्टी आणि धर्मचर्चा यांची काहीही न निवडता केलेली सरमिसळ’ असे लिहिले. ‘काहीही न निवडता’ हे शब्द मूळ वाक्यात नाहीत, परंतु फरागो या शब्दाच्या पोटात ते आहेत, आणि ‘सरमिसळ’ हा शब्द एकट्याने ते सांगू शकत नाही.

तिसरे वाक्य ज्युव्हेनलचे आहे. एका लेखात ते लॅटिनमध्येच उद्धृत केलेले आहे. तेथे मात्र मला मुरबाडच्या ताईंचा शब्द वापरावासा वाटतो. ‘माणसे जे जे करतात, त्यांचे नवस, भय, राग, भोग, आनंद आणि धावपळ, हे सारे माझ्या या पुस्तिकेचे आंबोण आहे.’ ताई, आपल्याला हे चालेल का, हे कृपया सांगावे. आपली हरकत असेल तर मी ते बदलीन.

मुरबाडची_लेक

माझी हरकत नाही, उलट मला समाधान वाटते. येथे कोणाची निंदा नाही. कवी स्वतःच्या पुस्तकाला काय खाऊ घातले ते सांगतो आहे. फक्त ‘पुस्तिकेचे आंबोण’ याने अर्थ थोडा अडखळतो, कारण पुस्तिका आंबोण खाते की पुस्तिकाच आंबोण आहे, हे कळत नाही. आपल्याकडे आंबोण ‘घालतात’ किंवा ‘चारतात’. त्यामुळे ‘या साऱ्याचे आंबोण मी माझ्या पुस्तिकेला घातले आहे’ असे केल्यास वाक्य गोठ्यातल्या बोलण्यासारखे सरळ होईल.

चरई_वकिली

ही सुधारणा स्वीकारण्यासारखी आहे. मात्र मूळ लॅटिन ओळीत ‘मी’ हा कर्ता नाही, याची भाषांतरकाराने टीप द्यावी. आणि त्याच टिपेत आंबोण म्हणजे काय तेही एका वाक्यात सांगावे, कारण घोडबंदर रस्त्यावरील नव्या वसाहतींत वाढलेल्या वाचकाला तो शब्द ऐकूनही माहीत नसण्याची शक्यता आहे.

नौपाडा_वाचक

दोन्ही सूचना मान्य आहेत. वाक्य ताईंनी सांगितल्याप्रमाणे ठेवते आणि टीप उद्या गटासमोर मांडते. टिपेत कोंडा, पेंड, सरकी आणि चुनी हे चारही घटक नावानिशी लिहीन. ‘गुरांचे खाद्य’ एवढेच लिहिले तर त्यातील मिश्रण वाचकाला दिसणार नाही.